डावीकडचं दार

९ जानेवारी

धाकटे,

तुझी मुलगी माझ्याकडे आहे. सुखरूप आहे, जेवते, झोपते आणि उत्तरं अगदी तुझ्यासारखी देते. आधी एवढं वाच, मग काय रागवायचं ते रागव.

परवा सकाळी बेल वाजली. मला वाटलं दूधवाला. दार उघडलं तर खांद्याला पिशवी अडकवलेली एक मुलगी, आणि तिच्या चेहऱ्यावर तुझं नाक. "मावशी, मी गाणं शिकायला आले," म्हणाली. 'येऊ का' नाही, 'आले'. तुला चिठ्ठी ठेवून आली आहे असं सांगते. चिठ्ठीत पत्ता लिहिलास का विचारलं, तर छताकडे बघत बसली. म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण ती म्हणाली की आईचा आवाज फोनमधून पोचत नाही, नुसता वारा ऐकू येतो.

हे मला माहीत नव्हतं. सख्ख्या बहिणीचा आवाज गेल्याचं मला भाचीकडून कळावं, तेही चहा पिता पिता, इतकी आपली बोलाचाल बंद. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, बसलाय का? ती म्हणाली, बसला नाही, गेला. हॉटेलच्या हॉलमध्ये गाता गाता गेला, डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, आता आई कुजबुजते आणि कपडे शिवते. आईनं घर बदललं म्हणून सांगावं, तशा साध्या सुरात तिनं हे सांगितलं.

तिला मी गायला लावलेलं नाही. तुझ्या परवानगीशिवाय लावणारही नाही. असं वचन माझ्याकडे कुणी मागितलेलं नाही, तरी देते.

पण एक गोष्ट सांगायला हवी. आज सकाळी मी शिकवणी घेत होते. एका दंतवैद्याची मुलगी येते माझ्याकडे. भारी मेहनती, सांगितलेलं सगळं लिहून घेते. पण गळा म्हणशील तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार. एका वरच्या जागेवर अडली होती. सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलं. तुझी पोरगी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, मधलं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि आतून तो सूर आला. जिथे लागायला हवा तिथेच, काही खटपट न करता. दंतवैद्याच्या मुलीनं तो ऐकला आणि बरोबर उचलला. मला मात्र खुर्चीचा हात धरून बसावं लागलं.

बटाटे सोलता सोलता गुणगुणली, एवढंच. मी गायला लावलं नव्हतं.

तिला परत पाठवू का, ते कळव. काहीच उत्तर आलं नाही तर राहू दे असं समजेन.

तुझी ताई

ता.क. घर तेच आहे. फक्त बाबांची खुर्ची मी माळ्यावर टाकली.


३० जानेवारी

धाकटे,

उत्तर नाही. म्हणजे राहू दे. किंवा तू पाकीट फोडलंच नसशील. तेही तुझ्या स्वभावाला धरून होईल. पण पोरीचे गरम कपडे टपालानं आले, त्या अर्थी पत्ता तरी वाचलास.

तिचं बरं चाललंय. सकाळी उठायला कंटाळा, दूध उतू घालवते, माझ्या बुटांना हसते. मी तिला भिंगरी म्हणते. आता ती आत स्वयंपाकघरात असते आणि मी बाहेर शिकवत असते, तेव्हा माझ्या मनात दिवस उलटे चालतात. शिकणारा बसतो तिथून स्वयंपाकघराचं दार डावीकडे येतं, आठवतं ना? मी बाहेर, तू आत. आई गेल्यावर स्वयंपाक कुणी करायचा यावर घरात चर्चा झालीच नाही. बाबा म्हणाले, थोरलीच्या गळ्याला कष्ट लागतात, धाकटीच्या नाही, तेव्हा धाकटी स्वयंपाक बघेल. ओट्यापर्यंत तुझा हात पोचत नव्हता. तू स्टुलावर उभी राहायचीस.

लोक विचारायचे, धाकटीला का नाही शिकवत? तेव्हा बाबा ते ठरलेलं वाक्य बोलायचे, की देवानं दिलेल्याला माणसानं हात लावू नये. लोक माना डोलवायचे. मीही डोलवायचे आणि आतल्या आत जळायचे. तुझ्या वाट्याला देव आणि माझ्या वाट्याला पट्टी.

ती लाकडी पट्टी तू विसरली नसशील. बाबांचा स्वतःचा गळा केव्हाच गेला होता. त्यांच्याजवळ फक्त कान उरले होते आणि ती पट्टी. माझा सूर घसरला की पट्टी वर जायची. आणि ती हवेत असतानाच तू आतून गायचीस, नेमका मी चुकवलेला सूर. बाबांचा हात तिथेच थांबायचा. मान दाराकडे वळायची, डोळे मिटायचे. मी तेवढ्यात तो सूर पकडून पुढे सरकायचे. मला वाटायचं, मेलीला एक घटकाभर बाबा माझे असलेले बघवत नाहीत.

असं करत करत मी गायिका झाले. वर्तमानपत्रात छापून आलं, 'जन्मजात गळा'. तू ते कात्रण मला पाठवलंस, सोबत अक्षर नाही. त्याचा अर्थ मला समजला. मग मीही तुला अक्षर लिहिलं नाही.

आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी कुठेही गायला गेले तरी हॉलच्या लोकांना एकच सांगायचे, रंगमंचावरचं डावीकडचं दार थोडं उघडं ठेवा. कुणी म्हणायचं बाईंना हवा लागते, कुणी म्हणायचं बाई वेड्या आहेत. खरं कारण असं, की तिथून तू यायचीस. मी सूर लावायच्या आधी, पापणी लवायच्या आत, तो सूर दाराकडून यायचा. तुझाच, स्टुलावर उभ्या असलेल्या तुझा. मी माझा सूर त्याच्यावर ठेवायचे, इतकंच माझं काम. टाळ्या मला पडायच्या. मला भीती वाटायची नाही, इतकी सवय झाली होती.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी, पानगळीत, एका संध्याकाळी मी गायला बसले. दार उघडं होतं. काहीच आलं नाही. मी थांबले. पेटीवाला पुन्हा पुन्हा सूर देत राहिला. शेवटी मी रुमाल तोंडाला लावला आणि घसा बसला म्हणून उठले. तेव्हापासून तो बसलेलाच आहे. पेटीवाला म्हणतो, "बाई, घसा नाही बसलाय, तुम्ही बसलाय." त्याचं खरं आहे. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं, घशात काही नाही.

काल भिंगरीला सहज विचारलं, आईचा आवाज कधी गेला गं? गेल्याच्या गेल्या वर्षी, म्हणाली, झाडांची पानं पडत होती तेव्हा. मी उठून चहा ठेवला आणि त्यात साखर घालायला विसरले.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

बातमी अशी की मी गाते आहे.

पहिल्यांदा आपसूकच झालं. भिंगरी आत कपबश्या विसळत होती, गुणगुणत होती, आणि मी इकडे पेटीची धूळ पुसत होते. दार लोटलेलं. डावीकडून तो सूर आला आणि माझ्या तोंडातून त्याच्यावर माझा सूर गेला, विचार न करता. इतके दिवस गंजून पडलेलं कुलूप किल्ली घालताच उघडावं तसं. मी रडले. बरं वाटून रडले, दुसरं काही समजू नकोस.

आता रोज सकाळी तसंच चालतं. तिला मी आत काही ना काही काम देते. हिचं काम संपू नये म्हणून मी धुतलेली भांडी पुन्हा टाकते की काय, असा संशय मला माझाच येतो. ती आत गुणगुणते, मी बाहेर गाते. पेटीवाल्यानं ऐकलं आणि तो गप्पच झाला. तो गप्प होणं ही मोठी गोष्ट आहे. मग म्हणाला, आता कार्यक्रम ठरवा. ठरवला. एप्रिलमध्ये, मोठ्या हॉलमध्ये. दार डावीकडेच आहे, मी बघून आले. भिंगरीला त्या दाराआड बसवायचं असं माझ्या मनात आहे. मावशीचा रुमाल, पाणी वगैरे सांभाळायला.

ती मात्र भुणभुण लावते. "मावशी, मला कधी शिकवणार?" आठवड्यातून दोनदा तरी. मी टाळते. परवा तिनं हात कमरेवर ठेवून वाटच अडवली. दंतवैद्याच्या मुलीला शिकवतेस, शेजारच्या टायपिस्टला शिकवतेस, मग मला का नाही?

मी म्हणाले, "तुझं वेगळं आहे. देवानं दिलेल्याला माणसानं हात लावू नये."

शब्द बाबांचे होते, त्याचं काही नाही. आईबापांचे शब्द सगळ्यांच्याच तोंडात येतात. पण आवाजही त्यांचा होता गं. शेवटचा शब्द जरा खाली पाडून बोलायची ती त्यांची रीत. मी मागे वळून बघितलं. माळ्याची शिडी भिंतीला टेकवलेली होती तशीच होती.

भिंगरी टेबलाच्या कडेवरच्या खाचांवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "या आमच्या पट्टीच्या खुणा ना?" आमच्या, म्हणे. बाबा गेल्यावर वाटणीसाठी आलीस तेव्हा तू भांडी मागितली नाहीस, पेटी मागितली नाहीस, फक्त ती पट्टी मागितलीस. मी तेव्हा मनात म्हणाले, घे, मला टोचायला म्हणूनच मागतेस. ती सांगते की तू तिनं कापड मापतेस. असो. पट्टीचं कामच मापायचं.

ताई


८ मार्च

धाकटे,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा फाडणार नाही.

भिंगरीचा आवाज सकाळी घोगरा येतो. पंधरवडाभर मी म्हणत होते, थंडी आहे, गार पाणी पिते, या वयाच्या मुली ऐकतात कुठे. काल ती खिडकीपाशी उभी राहून वरच्या पट्टीत गात होती. ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं. आणि मी तिच्याकडे ऐकणाऱ्या माणसासारखं न बघता शिकवणाऱ्या माणसासारखं बघितलं. दर श्वासाला खांदे वर जात होते. मानेची शीर फुगत होती.

तुला कुणी कधी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. बाबा श्वास शिकवायचे तेव्हा बोलायचे नाहीत. पाठीवर, बरगड्यांच्या खाली, हात ठेवून दाबायचे. त्या हाताला आतून ढकलायचं आणि खांदे हलू द्यायचे नाहीत. बस्स. महिनोन् महिने मी गायलेच नाही, नुसती श्वास घेत बसले. त्यात ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. तू आत भाजी चिरत असशील आणि तुला वाटलं असेल, आज ताईला सुट्टी दिलेली दिसते.

बाकी सगळं त्या दाराच्या फटीतून तुझ्यापर्यंत आलं. सूर आले, शब्द आले, मला बसलेल्या शिव्या आल्या. तू काही न शिकता गात होतीस असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. पण तू रोज माझ्याबरोबर शिकत होतीस. फक्त तो हात आला नाही. हाताचा आवाज होत नाही ना.

आणि तुझ्या वरच्या सुराला जो एक थरथरता काठ असायचा, ज्यानं बाबांचे डोळे भरून यायचे, त्याला लोक देवाची देणगी म्हणायचे. मी आज चाळीस वर्षं गाऊन तुला सांगते, तो ताण होता. खालून श्वास मिळत नव्हता म्हणून गळा जिवाच्या आकांतानं ओढत होता. असा गळा चाळिशीपर्यंत झकास चालतो. हॉटेलात रोज गायलं तरी चालतो. मग एक दिवस गाता गाता जातो.

भिंगरीच्या सुरालाही तोच काठ आहे. मला रोज सकाळी गायला लावणारा तोच.

बाबांना हे कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना ऐकण्याशिवाय दुसरं येत काय होतं? माझ्या अर्ध्या श्वासाची चूक पाठमोरे असताना पकडणारा माणूस. तुझ्या पाठीवर हात ठेवला असता तर दोन-तीन वर्षांत तुझा श्वास खाली गेला असता, गळा वाचला असता, आणि तो काठ नाहीसा झाला असता. तो त्यांना हवा होता. इतके दिवस मी समजत होते की ते तुला वर ठेवत होते. ते तुला वापरत होते गं. मलाही वापरत होते, पण माझ्या वापरात मी निदान टिकले.

आणि आता माझं. भिंगरीला आज शिकवायला घेतलं तर तिचा आवाज काही महिने बिघडलेला वाटेल, मिटेल, कोरडा होईल. एप्रिलमध्ये डावीकडून काही येणार नाही. मी मनाशी काय ठरवलं माहीत आहे? कार्यक्रम होऊन जाऊ दे. एका महिन्यानं काय बिघडतंय? मग शिकवू. असं ठरवून मी खुर्चीत बसले, आत तिला भांडी दिली, आणि ती गायला लागली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझी मान दाराकडे वळलेली आहे आणि डोळे मिटलेले आहेत.

मला माझीच भीती वाटते, धाकटे. माळ्यावर खुर्ची टाकून काही उपयोग झाला नाही, त्यातला माणूस खालीच राहिला.

ताई


९ मार्च

धाकटे,

आज दार बंद केलं, आणि तिला दाराच्या या बाजूला घेतलं.

समोर उभी केली, पाठीवर हात ठेवला. ती दचकली. "गायचं नाही?" "नाही." "मग काय करायचं?" "माझा हात ढकल." दहा मिनिटांत तोंड फिरवून बसली की हे काय गाणं आहे. तुझ्या परवानगीशिवाय गायला लावणार नाही असं वचन दिलं होतं. ते मोडलेलं नाही, कारण ती गात नाहीये. बरेच महिने गाणार नाही. तुला राग आला तर ये आणि रागव, दाराला कडी नाही.

दुपारी मी एकटी पेटी घेऊन बसले. काही आलं नाही. एप्रिलचा कार्यक्रम रद्द करावा असं वाटतं. पेटीवाला म्हणतो, आता रद्द केलात तर मी दुसऱ्या कुणाकडे वाजवेन. तो जाणार नाही, पण त्याला मनापासून राग आला आहे.

ताई


१९ एप्रिल

धाकटे,

काल कार्यक्रम झाला. भिंगरीनं तुला सांगण्याआधी मीच सांगते, कारण ती मीठमसाला लावेल.

हॉलच्या माणसाला मी म्हणाले, डावीकडचं दार बंद करा. त्याला वाटलं बाईंची जीभ घसरली. त्यानं आणखी थोडं उघडलं. शेवटी मीच उठून ओढून घेतलं. मग बसले. पेटीवाल्यानं सूर दिला. लोक शांत झाले. मी वाट बघितली, सवयच आहे. कुणी खोकलं, कुणाची खुर्ची करकरली. काहीच आलं नाही, आणि मला ठाऊक होतं की येणार नाही, तरी मी लहान मुलीसारखी वाट बघत होते.

मग मी आपली सुरुवात केली. जो आवाज निघाला तो मी ओळखला नाही. जाड, खालचा, जरा खरखरीत. बाबांनी पहिल्यांदा माझ्यापुढे पेटी सरकवली तेव्हा बहुतेक तो असाच होता, आणि त्यांना आवडला नव्हता. पण श्वास पक्का होता, तेवढ्यावर मी चालत राहिले. बरी चालले. मग वरची जागा आली, तीच, जिथे मी लहानपणापासून घसरते आणि जिथे तू हमखास यायचीस. मी घसरले. माझं मलाच कळलं नाही.

आणि टिचकी ऐकू आली.

पहिल्या रांगेत भिंगरी बसली होती. खुर्चीच्या लाकडी हातावर तिनं नखानं एक टिचकी मारली. शेजारच्यालाही ऐकू गेली नसेल. मी सूर वर घेतला, लागला. पुढे दोनदा घसरले, दोनदा टिचकी आली. मध्यंतरात काही लोक उठून गेले. आजच्या पेपरात 'थकलेला गळा' असं आलं आहे. कात्रण पाठवू का? आता तुझी पाळी नाही, माझी आहे.

घरी परतताना गाडीत मी तिला विचारलं, टिचक्या का मारत होतीस?

"तू खाली चालली होतीस," म्हणाली.

"मला कळत होतं."

"नव्हतं कळत."

मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, सवय आहे, आई घरी अशीच मारते. रोज शाळेतून आलं की आईच्या शिलाई मशीनशेजारी बसायचं आणि गायचं. चुकलं की टेबलावर टिचकी, पुन्हा चुकलं की पुन्हा टिचकी, बरोबर येईपर्यंत मशीन बंद. मी म्हणाले, म्हणजे तुला शिकवलंय? तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "मग काय, आपोआप येतं?"

जिला मी देवाची देणगी म्हणून स्वयंपाकघरात बसवून ठेवली होती, तिला तू मुक्या तोंडानं शिकवून तयार केली होतीस. पाठीवरचा हात सोडून सगळं. तो तुझ्याकडे नव्हताच, तू कुठून देणार.

"आई म्हणते," भिंगरी पुढे सांगू लागली, "आवाज होता तेव्हा गाऊन सांगायचे, आता टिचकी."

"कुणाला गाऊन सांगायची?"

"तुला. आजोबांची पट्टी वर गेली की आई आतून सूर सांगायची. तुला मार बसू नये म्हणून." मग माझा चेहरा बघून थांबली. "तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं.

गाडी सिग्नलला उभी होती. समोर एक माणूस हातगाडी ढकलत चालला होता, तो पलीकडे जाईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहिले. मग विचारलं, तू आलीस त्या आठवड्यात बटाटे सोलताना गुणगुणलीस, ते? ती म्हणाली, ती बिचारी किती वेळ अडली होती, मग सांगितलं. आणि पट्टी? आईनं पट्टी का मागून घेतली? भिंगरी म्हणाली, "तुझ्याकडे मुलं शिकायला येणार होती ना. आई म्हणते, ती त्या घरात राहायला नको होती."

एवढंच बोलणं झालं. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. खांदे हलत नव्हते, श्वास खालून चालला होता. झोपेत का होईना, शिकते आहे.

धाकटे, मी आयुष्यभर समजत होते की तू माझा सूर चोरतेस. तू स्टुलावर उभी राहून, एका हातानं भाजी ढवळत, एक कान माझ्याकडे ठेवत होतीस. पुढे मोठमोठ्या हॉलमध्ये, तू कुठल्या तरी हॉटेलात स्वतःचा गळा फाडत असतानासुद्धा, माझ्या डावीकडे तूच उभी होतीस, मला मार बसू नये म्हणून. तेव्हा मला मारणारं कुणी नव्हतं गं. तुला थांबायला कुणी सांगितलं नाही. मला फार वाईट वाटतं आहे. याहून चांगल्या भाषेत लिहिता येत नाही.

सुताराला बोलावून मधलं दार आज काढून टाकलं. स्वयंपाकघरातला सगळा वास आता पेटीत शिरणार. दंतवैद्याची मुलगी शिंकायला लागली आहे.

तू ये. पत्राचं उत्तर नको, तूच ये. भिंगरीच्या पाठीवर मी ठेवते तसा तुझ्याही पाठीवर हात ठेवीन; कुजबुजायलाही श्वास लागतो, आणि तू अजून खांद्यांनीच घेत असशील. गाणं येणार नाही, ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. नुसतं बोलताना दम लागणार नाही एवढं झालं तरी पुष्कळ.

मग मी गायला बसेन, माझ्या या जाड्याभरड्या आवाजात. तू टेबलापाशी बस, त्या खाचा आहेत तिथे. मी वरच्या जागेवर घसरेन, नेहमीप्रमाणे. तेव्हा टिचकी मार.

ताई